सत्ता जाणार की राहणार? आधी घरचे बघा

माझ्या वहीत २४ ऑक्टोबर २०१९ या तारखेखाली दोनच आकडे आहेत. पहिला ८७ हजारांचा. सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील एवढ्या मतांनी निवडून आले आणि भाजपमध्ये जाऊन पुन्हा उभे राहिलेले उदयनराजे पडले. दुसरा आकडा ६,२३२. कोरेगाव विधानसभेत राष्ट्रवादीचे आमदार शशिकांत शिंदे शिवसेनेच्या महेश शिंदे यांच्याकडून एवढ्या मतांनी हरले. दोन्ही मतदाने २१ ऑक्टोबरला, एकाच दिवशी झाली. शाईही एकदाच लागली. एकच माणूस आत गेला, शेजारच्या दोन यंत्रांवर दोन बटणे दाबली आणि बाहेर आला.

त्याआधी तीन दिवस, १८ तारखेला, साताऱ्यात शरद पवारांची भर पावसातली सभा झाली होती. दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या चौकात प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ होता आणि जो तो सांगत होता, "वारं फिरलं." वारे फिरले होते हे खरेच, लोकसभेच्या निकालाने ते दाखवून दिले. पण त्याच वाऱ्यात, साताऱ्यापासून तासाभराच्या आतल्या कोरेगावात, त्याच पक्षाची जागा गेली. त्या दिवसापासून कोणी नुसते "हवा आहे" म्हणाले की मी विचारतो, कुठल्या यंत्रावर?

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना निवडणुकीचा अंदाज मनापासून, नीट बांधायचा आहे. पत्रकारितेत नव्याने आलेली मुले, गावातले जागरूक मतदार, राज्यशास्त्राचे विद्यार्थी, आणि सरकार बदलले तर आपल्या उसाचे, पाण्याचे, अनुदानाचे काय होईल याची खरीखुरी काळजी असणारे शेतकरी. अंदाज बांधणे हे ज्योतिष नाही. ते हिशेबाचे काम आहे आणि हिशेबासारखेच शिकता येते.

प्रश्न आधी लिहून काढा

"यंदा सरकार जाणार" हे वाक्य ऐकले की बोलणाऱ्याला विचारा, जाणार म्हणजे काय होणार? सत्ताधारी पक्षाच्या जागा कमी होणार? बहुमत जाणार? मुख्यमंत्री बदलणार? की तो पक्ष विरोधी बाकांवर बसणार? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि महाराष्ट्रात चारही वेगवेगळ्या घडलेल्या आहेत. १९८० च्या दशकात काँग्रेसने मुख्यमंत्री किती वेळा बदलले ते बघा: अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार. माणसे बदलली, सत्ता जागची हलली नाही. उलट २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना युती म्हणून लढली, दोघांना मिळून स्पष्ट बहुमत मिळाले, आणि तरीही महिन्याभरात भाजप विरोधी बाकांवर होता. म्हणून प्रश्न असा लिहा: "अमुक निवडणुकीचा निकाल लागल्यावर सहा महिन्यांनी अमुक पक्ष राज्याच्या मंत्रिमंडळात असेल का?" यात तारीख आहे, उत्तर हो किंवा नाही असेच येणार आहे, आणि नंतर कोणाला "मला तसे म्हणायचे नव्हते" असे म्हणता येणार नाही.

मग इतिहास मोजा. १९६२ ते २०२४ या काळात महाराष्ट्र विधानसभेच्या चौदा निवडणुका झाल्या. सत्ताधाऱ्यांनी निवडणुकीत सरळ सरळ सत्ता गमावली ती तीनदा: १९९५, १९९९ आणि २०१४. आठ वेळा राखली. उरलेल्या तीन, १९७८, १९८० आणि २०१९, कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत. चौदांत तीन म्हणजे काहीही माहीत नसताना सत्ता जाण्याची शक्यता वीस-बावीस टक्के धरायची. पण १९९५ पासून पुढच्याच सात निवडणुका घेतल्या तर तीन वेळा गेली, तीन वेळा राहिली, एकदा घोळ झाला. म्हणजे शक्यता जवळजवळ निम्मी. कोणता काळ घ्यायचा हे ठरवणे हाच अंदाजाचा निम्मा भाग आहे. एका पक्षाचे राज्य होते तो काळ वेगळा, युत्या-आघाड्यांचा वेगळा. १९८५ नंतर महाराष्ट्रात एकाही पक्षाला स्वबळावर १४५ चा आकडा गाठता आलेला नाही. २०२४ मध्ये भाजपला १३२ जागा मिळाल्या, तरी मित्रपक्ष लागलेच.

१९९५ चा हिशेब

एका पक्षाची सत्ता कशी जाते हे समजून घ्यायला आपल्याकडे १९९५ सारखे दुसरे उदाहरण नाही. राज्य स्थापन झाल्यापासून, १९७८ ते ८० चा पुलोदचा, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचा, काळ वगळता, काँग्रेसच सत्तेत होती. तिचा पाया याच भागात, सातारा-सांगलीत होता. यशवंतराव चव्हाण कराडचे, वसंतदादा सांगलीचे. १९८५ ते ९० या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते शंकरराव जगताप, ते तर आमच्या कोरेगावचेच.

आता आकडे बघा. १९९० मध्ये काँग्रेसला सुमारे ३८ टक्के मते आणि १४१ जागा होत्या. १९९५ मध्ये ३१ टक्के मते आणि ८० जागा. सात टक्के मते गेली आणि साठ-एकसष्ट जागा गेल्या. मग ही सात टक्के मते कुठे गेली? बहुतेक जण म्हणतात, युतीकडे. शिवसेना-भाजपची मिळून मते १९९० मध्ये साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास होती, १९९५ मध्ये २९ टक्क्यांच्या. वाढली ती जेमतेम अडीच टक्के. सत्तेवर आलेल्या युतीला सत्ता गमावलेल्या काँग्रेसपेक्षा कमी मते होती! अपक्षांची मते मात्र साडेतेरा टक्क्यांवरून साडेतेवीसवर गेली आणि ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतले बहुतेक काँग्रेसचेच बंडखोर होते. युतीच्या जागा १३८, बहुमताला सात कमी. त्या अपक्षांच्या पाठिंब्यावर १४ मार्च १९९५ ला मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले.

गोवारी चेंगराचेंगरी, मुंबईतल्या दंगली आणि बॉम्बस्फोट, भ्रष्टाचाराचे आरोप, एन्रॉनचा वाद, सगळे त्या वेळी होतेच आणि त्याने लोक चिडलेही होते. पण चिडलेल्या माणसाला मत टाकायला जागा लागते, आणि ती जागा काँग्रेसच्या घरातल्याच माणसांनी करून दिली. मला या लेखात सांगायचे आहे ते हेच: एका पक्षाचे राज्य विरोधकांच्या जोरावर जितके जाते, त्याहून अधिक ते घरचे बाहेर पडल्याने जाते. म्हणून अंदाज बांधताना विरोधकांच्या सभेची गर्दी मोजण्याआधी सत्ताधाऱ्यांच्या घरात बघा.

याला कारण आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. त्याआधीपासून आणि त्यासोबत साखर कारखाने, जिल्हा बँक, बाजार समिती, दूध संघ, विकास सोसायट्या उभ्या राहिल्या. प्रत्येक तालुक्यात दोन गट तयार झाले आणि दोन्ही गट काँग्रेसचेच. खरा विरोधी पक्ष काँग्रेसच्या आतच होता. रजनी कोठारींनी १९६४ मध्ये या रचनेला 'काँग्रेस व्यवस्था' म्हटले ते याच अर्थाने. दोन गट, आणि तिकीट एकच. ज्याला तिकीट मिळाले नाही तो गप्प बसायचा, कारण त्याला जिल्हा बँक तरी मिळायची, नाहीतर कारखाना, नाहीतर पुढच्या वेळचा शब्द. बाहेर जाऊन करणार काय? पक्षाबाहेर काहीच नव्हते. ज्या दिवशी त्याला वाटू लागते की बाहेर उभे राहिलो तरी आपले दुकान बंद पडत नाही, उलट सरकारच बदलले तर आपल्या पाठिंब्याला किंमत येईल, त्या दिवशी तो अर्ज भरतो. बंडखोराचा अर्ज हा नुसता राग नसतो. तालुक्यातल्या सगळ्यात जाणकार माणसाने स्वतःचे पैसे आणि पत पणाला लावून केलेला तो अंदाज असतो. आपण फुकट बोलतो, तो किंमत मोजून बोलतो.

बाहेरच्या जगातही हे चित्र दिसते. मेक्सिकोत एक पक्ष ७१ वर्षे सत्तेत होता. २००० साली तो गेला, पण त्याला पहिला मोठा धक्का १९८८ मध्ये बसला, तोही एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या मुलाने, कार्देनास यांनी, पक्ष सोडून निवडणूक लढवली तेव्हा. मलेशियात ६१ वर्षांची सत्ता २०१८ मध्ये गेली आणि ती घालवणाऱ्या आघाडीचे नेते होते त्याच पक्षाचे माजी पंतप्रधान, ९२ वर्षांचे महातीर मोहम्मद. पश्चिम बंगालमध्ये मात्र डाव्यांची ३४ वर्षांची सत्ता घरच्यांमुळे गेली नाही. तिथे आधी २००८ च्या पंचायत निवडणुकीत काही जिल्हा परिषदा गेल्या, २००९ मध्ये लोकसभेच्या बहुतेक जागा गेल्या आणि मग २०११ मध्ये राज्य गेले. जिथे पक्षाची शिस्त कडक असते तिथे फूट दिसत नाही. तिथे खालच्या निवडणुका बघायच्या. आपल्याकडे ही खूण बरीच वर्षे उपलब्धच नव्हती. २०२२ पासून जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले होते, त्यामुळे २०२४ च्या विधानसभेचा अंदाज बांधताना ग्रामीण महाराष्ट्रातले हे मोजमाप कोणाच्याच हाती नव्हते.

लोकांच्या रागाबद्दल एक गोष्ट १९५७ मधून शिकण्यासारखी आहे. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले आणि खुद्द यशवंतराव कराडमधून कसेबसे निवडून आले. त्या दिवशी कोणी लिहिले असते की या भागातून काँग्रेस संपली, तर ते पटण्यासारखेच होते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. राग एका मागणीवर टांगलेला होता. मागणी पुरी झाली, राग उतरला. म्हणून राग दिसला की विचारा: सरकारच्या हातात आहे का तो शमवणे? आणि निवडणुकीपर्यंत तेवढा वेळ आणि पैसा आहे का?

फ्लेक्स आणि फॉर्म

घरात बघायचे म्हणजे नेमके काय बघायचे? आमच्याकडे सगळ्यात वाचनीय वस्तू म्हणजे वाढदिवसाचा फ्लेक्स. स्टँडजवळ, पुलाजवळ, बाजार समितीच्या दारात तो लागतो. खाली सोसायटीच्या चेअरमनचा मोठा फोटो, वर नेत्यांची रांग. ती रांग वाचायला शिका. मागच्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर असलेला राज्यातला नेता यंदा आहे का? मोठा झाला की लहान? पक्षाचे चिन्ह आहे की "मित्रपरिवार" एवढेच लिहिले आहे? चिन्ह जाऊन मित्रपरिवार आला की समजा, माणूस दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा आहे. एका फ्लेक्सवरून काही सिद्ध होत नाही. पण एका गणातल्या दहापैकी सहा फ्लेक्सवरून चिन्ह गायब झाले, तर वहीत लिहून ठेवा. तसेच सोसायटीच्या निवडणुकीतली पॅनेले बघा. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गट एका पॅनेलमध्ये आले असतील, तर विधानसभेला त्यांतला एक कोणासाठी तरी "आतून काम" करणार आहे.

आता जागा नीट समजून घ्या. कोरेगावच्या बाजारात जे ऐकू येते ते कोरेगाव मतदारसंघाचे मत नसते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर कोरेगाव तालुका तीन विधानसभा मतदारसंघांत वाटला गेला आहे. रहिमतपूरकडचा भाग कराड उत्तरमध्ये, वाठार-पिंपोड्याकडचा फलटणमध्ये, आणि कोरेगाव मतदारसंघात सातारा व खटाव तालुक्यांतली गावे आली आहेत. बाजारात आले विकायला आलेला पिंपोड्याचा शेतकरी आमदारावर चिडून बोलतो तेव्हा तो कोणत्या आमदारावर चिडला आहे हे आधी विचारावे लागते. पत्रकारांच्या बातम्यांत ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

सगळ्यात खरा कागद म्हणजे फॉर्म २०. प्रत्येक निवडणुकीनंतर मतदान केंद्रवार निकालाचा हा तक्ता तयार होतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. डावीकडे केंद्राचा क्रमांक, पुढे एकेका उमेदवाराची मते, शेवटी नोटा आणि एकूण. पहिल्यांदा उघडला की नुसते आकड्यांचे रान वाटते. त्यातली सगळी केंद्रे वाचू नका. तीन निवडा: एक बागायती, उसाच्या गावाचे; एक उत्तरेकडच्या कोरडवाहू गावाचे, जिथे घेवडा आणि पाऊस यांवर वर्ष चालते; आणि एक शहरातले. या तीन केंद्रांचे २०१४, २०१९ आणि २०२४ चे आकडे एका पानावर शेजारी शेजारी लिहा. तीनही केंद्रे एकाच दिशेने सरकली असतील तर ती राज्याची किंवा जिल्ह्याची हवा. एकच सरकले असेल तर ते त्या गावाचे कारण: पाणी, रस्ता, भावकी, एखादा गट फुटणे. केंद्रांच्या हद्दी आणि क्रमांक मधूनमधून बदलतात, तेवढे मतदार यादीवरून ताडून घ्या.

२०१९ च्या ६,२३२ मतांचा हिशेब असाच करून बघा. साधारण तीनशे मतदान केंद्रे धरली तर केंद्रामागे वीस-एकवीस मतांचा फरक पडतो. एक मतदार इकडून तिकडे गेला की फरक दोनाचा होतो, म्हणजे केंद्रामागे दहा-अकरा माणसे. दोन-तीन घरे. प्रत्येक केंद्रावरच्या दोन-तीन घरांनी मन बदलले तर आमदार बदलतो, हे त्या कागदावर बोट ठेवून दाखवता येते. आणि पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच दोन उमेदवारांत हा फरक ४५ हजारांवर गेला. तो दोन-तीन घरांचा नव्हता, गल्लीच्या गल्ली सरकली होती.

चिन्हांचा गोंधळही हिशेबात धरा. २०२४ च्या लोकसभेला सातारा मतदारसंघात उदयनराजे सुमारे ३२ हजार मतांनी जिंकले आणि पिपाणी चिन्ह असलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. समोर शरद पवारांच्या पक्षाची निशाणी होती तुतारी वाजवणारा माणूस. ती सगळी मते चुकून पडली असे म्हणता येणार नाही. पण फरकापेक्षा मोठा आकडा यंत्रावर कुठेतरी तिसरीकडे दिसला की त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

मी चुकलो ते कुठे

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल आला. राज्यात महाविकास आघाडीला ३० जागा, महायुतीला १७. शेजारी सांगलीत काँग्रेसचे बंडखोर विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले. मी वहीत लिहिले: विधानसभेला सरकार जाण्याची शक्यता ६५ टक्के. नोव्हेंबरमध्ये महायुतीतल्या तीन पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या. सातारा जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा त्यांच्याकडे गेल्या. कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले.

माझी पहिली चूक अशी की मी जागा बघितल्या, मते बघितली नाहीत. लोकसभेला दोन्ही आघाड्यांची राज्यातली मते जवळजवळ सारखी होती, चव्वेचाळीस टक्क्यांच्या आगेमागे. तीस विरुद्ध सतरा हे चित्र दिसायला मोठे होते, मुळात फरक नखाएवढा होता. एक-दोन टक्के इकडचे तिकडे झाले की ते उलटणारच होते.

दुसरी चूक मला जास्त लागली. ऑगस्टपासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिना दीड हजार रुपये जमा होऊ लागले होते, दोन कोटींहून अधिक बायकांच्या. मला हे माहीत होते. पण मी ज्यांच्याशी बोललो ते सगळे चौकातले, बाजार समितीतले, सलूनमधले पुरुष होते. आल्याच्या शेतात खुरपणीला असलेल्या, बँकेच्या रांगेत पासबुक घेऊन उभ्या असलेल्या, रेशनच्या दुकानाबाहेर बसलेल्या बायकांना मी एकदाही विचारले नाही. निम्मे मतदार माझ्या वहीतच नव्हते. आता मी माणसे मोजून घेतो: दहा जणांशी बोललो तर पाच बायका असल्याच पाहिजेत, आणि त्या घरातल्या पुरुषासमोर नकोत. निदान दोन माणसे मुंबईकर हवीत. आमच्या भागातली घरटी एक-दोन माणसे मुंबई-नवी मुंबईत, माथाडीत नाहीतर कंपनीत. मतदानाला त्यांच्या गाड्या येतात की नाही यावर काही गावांचा निकाल ठरतो.

विचारायचे कसे, हेही शिकायला लागते. "मत कोणाला देणार?" असा प्रश्न आपल्याकडे कोणी कोणाला सरळ विचारत नाही आणि विचारला तर खरे उत्तर येत नाही. विचारा: "तुमच्या वाडीत यंदा लीड कोणाला राहील?" माणूस मोकळा होतो, कारण तो स्वतःबद्दल बोलत नसतो. पुढचा प्रश्न: "मागच्या वेळेपेक्षा कोणती भावकी फिरली?" अंदाजाला उपयोगी पडतात ते फिरलेले. पक्के असलेले दोन्ही बाजूंना पक्केच असतात, त्यांची भाषणे ऐकण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

मतदान वाढले की सरकार जाते, असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. १९९५ मध्ये मतदान जवळपास ७२ टक्के झाले, आधीच्या खेपेपेक्षा बरेच वाढले आणि सरकार गेले. २०२४ मध्येही मतदान वाढले, ६१ वरून ६६ टक्क्यांवर, आणि सरकार आणखी भक्कम झाले. मतदान वाढले म्हणजे कोणीतरी जास्त बाहेर पडले. कोण बाहेर पडले ते केंद्रावर उभे राहूनच कळते. पण सावध राहा: मतदान चालू असताना एक्झिट पोल घेऊन त्याचे निकाल प्रसिद्ध करायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार बंदी आहे आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणे हेही प्रसिद्ध करणेच आहे. दुपारी दोनचा आपला हिशेब वहीतच राहू द्या.

निवडणूक नसतानाही सरकार जाते, हे सातारा-सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. १९७८ च्या जुलैमध्ये वसंतदादांचे सरकार पडले ते विरोधकांनी पाडले नव्हते. शरद पवार आपल्या आमदारांसह बाहेर पडले. तेव्हा पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. आज हिशेब कायद्याने बांधलेला आहे: पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांशिवाय बाहेर पडणे जोखमीचे. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे ५५ आमदार होते, म्हणजे ३७ चा आकडा महत्त्वाचा. २० जूनला विधान परिषदेचे गुप्त मतदान झाले, सत्ताधाऱ्यांची मते फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री महाबळेश्वर तालुक्यातल्या दरे गावचे एकनाथ शिंदे सुरतेच्या वाटेवर होते. दहा दिवसांत ते मुख्यमंत्री झाले. म्हणून दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सरकारचे आयुष्य मोजायचे असेल तर सर्वांत मोठ्या पक्षाचे नाही, सर्वांत नाराज पक्षाचे आमदार मोजा आणि गुप्त मतदानात किती मते फुटली ते बघा.

आकडा लिहा, मग स्वतःला गुण द्या

"बहुतेक जाईल", "काही सांगता येत नाही" ही उत्तरे वहीत लिहू नका. टक्के लिहा. इतिहासाने दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा, मग खुणा बघून वर-खाली सरका. घरचे मोठ्या संख्येने बाहेर पडत असतील तर मी पंधरा-वीस टक्के वाढवतो. विरोधक एकत्र आले तर दहा. सरकारकडे वाटायला पैसा आणि महिने शिल्लक असतील तर दहा-पंधरा कमी करतो. दिल्लीहून मोठी लाट येत असेल, जशी २०१४ मध्ये आली, तर स्थानिक खुणांचे वजन निम्मे करतो. हे माझे आकडे आहेत. तुम्ही तुमचे ठरवा, पण ठरवून लिहा. आणि १९९९ विसरू नका: तेव्हा फूट काँग्रेसमध्येच पडली होती, तरी सत्ता गेली युतीची. वेगळी झालेली दोन्ही घरे निकालानंतर पुन्हा एकत्र आली. फुटलेले घर पुन्हा जुळू शकते का, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

निकालानंतर गुण द्या. अमेरिकेतले हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये पावसाच्या अंदाजांसाठी सांगितलेली रीत यासाठी सोपी आहे. तुम्ही सत्ता जाण्याची शक्यता ७० टक्के लिहिली, म्हणजे ०.७. सत्ता गेली तर उत्तर १. फरक ०.३, त्याचा वर्ग ०.०९. सत्ता राहिली तर उत्तर शून्य, फरक ०.७, वर्ग ०.४९. आकडा जितका लहान तितके चांगले. नेहमी निम्मे-निम्मे म्हणणाऱ्याला कायम ०.२५ मिळतात, म्हणजे तुमची सरासरी त्याहून मोठी आली तर तुमच्या खटाटोपाचा उपयोग झाला नाही. २०२४ चे माझे गुण ०.४२. एका निवडणुकीवरून कोणी हुशार किंवा मूर्ख ठरत नाही. सोसायटी, बाजार समिती, ग्रामपंचायत, जे मिळेल त्यावर अंदाज लिहीत राहा, म्हणजे वर्षाकाठी दहा-बारा तरी नोंदी होतात. पैज मात्र लावू नका. पैसा लागला की माणूस स्वतःला हवे तेच बघू लागतो, आणि तो गुन्हाही आहे.

आणि शेवटचा आकडा कधी लिहायचा तेही ठरलेले असू द्या. मी अर्ज माघारीच्या दिवशी लिहितो. दुपारी तीनला मुदत संपते, त्याआधी तहसील कचेरीच्या आवारात गाड्या येतात-जातात, नाराज माणसाला बाजूला घेऊन कोणी खांद्यावर हात ठेवतो, कोणाला तरी मुंबईहून फोन जोडून दिला जातो. तीननंतर अंतिम उमेदवारांची यादी लागते. त्या यादीत सत्ताधारी पक्षाच्या घरची किती नावे अपक्ष म्हणून राहिली ती मोजा. जिल्ह्यातल्या आठही मतदारसंघांची मोजा, जमले तर सांगलीच्याही आठांची. मागच्या वेळी किती होती ते शेजारी लिहा. मग त्या पानावर आपला टक्का लिहून खाली तारीख टाका.